लाल गाडीची जागा

कपाट कोण नेणार हे केव्हाच ठरलं होतं, तरी त्यावरून भांडण झालंच. या घरात ठरलेल्या गोष्टींवरच जास्त भांडणं व्हायची. न ठरलेल्या गोष्टींना कोणी हातच लावत नसे.

ताई सकाळीच येऊन थडकली होती, खोक्यांची चळत, कापसाच्या गुंडाळ्या आणि नवरा असा सगळा सरंजाम घेऊन. बाबा तिच्याकडे राहायला जाणार, म्हणजे बाबांचं काचेचं कपाटही तिच्याकडेच जाणार, इतका सरळ हिशोब होता तिचा. दादाचं म्हणणं, बाबांना खुशाल ने, पण कपाट थोरल्याच्या घरी शोभतं. शिवाय त्यात बाबांनी केलेला त्याचा वीतभर टेम्पो आहे.

"टेम्पोचं काय कौतुक सांगतोस? माझी गाडी नाही का त्यात?" ताई म्हणाली. "तीही पोचा पडलेली. ती तुझ्या बैठकीत मांडून आल्यागेल्याला दाखवायचा विचार असेल, तर विसर."

"पोचा तू पाडलास. मी नाही."

"फाटकाचा खांब मध्ये आला!"

"खांब चालत आला होता का गं?"

जावई खळखळून हसले आणि बायकोचा चेहरा बघून लगेच कापूस फाडायला लागले. लग्नाला इतकी वर्षं होऊनही या घरात कुठं हसायचं आणि कुठं नाही, हे त्या भल्या माणसाला उमगलं नव्हतं. त्यात त्यांचा तरी काय दोष! घरच्यांनाही ते नेहमी उमगायचंच असं नाही.

धाकटी सून कपाटाशेजारी जमिनीवर बसून एकेका गाडीच्या आरशांभोवती कापूस लावत होती. आरसे सगळ्यात आधी तुटतात, हे तिला चार वर्षांत ठाऊक झालं होतं. तिची स्वतःची बॅग भरून दाराशी उभी होती. दुपारच्या बसनं ती दुसऱ्या गावी निघणार होती. कृत्रिम दात बनवणाऱ्या एका मोठ्या लॅबमध्ये तिला नोकरी मिळाली होती. इथेही ती तेच काम करायची, पण इथली लॅब बंद पडली. नवरा गेल्यावर माहेरी न जाता ती याच घरात राहिली. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं तिनंच केलं. आता ती निघाली म्हणून घर बंद होत होतं, कारण हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला एकटं कोण ठेवणार? हे तिला कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. पण ताई तिच्याकडे न बघता "ती कात्री दे" म्हणायची, त्यात सगळं यायचं.

धाकटीला कपाट नको होतं, घरातलं काहीच नको होतं. निघण्याआधी एकच गोष्ट कळायला हवी होती. बाबा आपल्याला दोषी धरतात का? एवढंच. चार वर्षं एका छपराखाली राहून, रोज चहा हातात देऊन, औषधं मोजून देऊन तिला ते विचारता आलं नव्हतं, आणि बाबांनी आपणहून त्या दिवसाचा विषय एकदाही काढला नव्हता. आज विचारलं नाही तर पुढं फक्त फोनवर "बरी आहेस ना" आणि "बरी आहे" एवढंच उरेल, हे तिला पक्कं माहीत होतं. मग ती या घरची सून होती की या घरच्या मुलाला घेऊन गेलेली बाई, हे तिला जन्मात कळणार नव्हतं.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. असे दाबले की थरथर दिसत नसे. आयुष्यभर ते गाड्या रंगवायच्या कारखान्यात होते. अपघाताच्या गाड्या यायच्या, पत्रा काम करणारे पत्रा सरळ करायचे आणि नवा रंग जुन्या रंगाशी असा काही जुळवायचं काम बाबांचं, की मालकालाही कुठं लागलं होतं ते सापडू नये. दिवसभर लोकांच्या गाड्यांवरच्या खुणा पुसायच्या आणि घरी येऊन आपल्या गाड्यांच्या खुणा जपायच्या, असा त्यांचा उफराटा कारभार. कारण कपाटाचा नियमच तसा होता. घरातली कोणतीही गाडी घर सोडून गेली, विकली, मोडीत निघाली, की बाबा तिची प्रतिकृती करायला घ्यायचे. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी. आणि ती गाडी नवी होती तशी नाही. जशी गेली तशीच.

आजोबा बस चालवायचे. त्या बसनं वरचा अख्खा खण अडवला होता. ती बाबांनी ऐन विशीत केलेली, लाकडाची आणि डब्याच्या पत्र्याची, आणि तिच्या मागच्या काचेला तडा होता, कारण शेवटच्या फेरीला खऱ्या बसच्या काचेलाही होता. खाली आईची स्कूटर, बैठकीचं कव्हर फाटलेलं. ते फाटकं कव्हर करायला बाबांनी आईच्या जुन्या पर्सचं चामडं पातळ तासून घेतलं होतं, आणि चांगली पर्स फाडली म्हणून आईनं कितीतरी दिवस तोंड फुगवलं होतं. मग दादाचा टेम्पो, एक आरसा लोंबता. ताईची गाडी, तिचा तो जगप्रसिद्ध पोचा. बाबांनी चमचा गरम करून आतल्या बाजूनं प्लॅस्टिकला लावला आणि बोटानं हलकेच दाबून तो पोचा आणला होता. ताईनं तेव्हा पाय धरायचे बाकी ठेवले होते. "एवढा एक सोडा ना बाबा, लोक काय म्हणतील!" बाबा म्हणाले होते, "पोचा सोडला तर ती तुझी गाडी कशी? दुकानातली होईल."

प्रत्येक गाडीखाली काळी लाकडी पाटली, म्हणजे छोटीशी फळी, असायची. आधी पाटली कपाटात यायची, मग बाबा कामाला लागायचे, आणि गाडी झाली की ती पाटलीवर उभी राहायची.

"ही रिकामी पाटली कशाची?" जावयांनी तिसऱ्या खणात हात घालून विचारलं. "घ्यायची आहे, की टाकून देऊ?"

जावयांनी पाटलीकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ती पाटली त्यांनी जिथून उचलली होती अगदी तिथंच, धुळीच्या चौकोनात, परत ठेवली.

दादानं घसा खाकरला. "मी म्हणणारच होतो," तो म्हणाला, आणि आपल्या पिशवीतून एक खोकं काढलं. खोक्याला काचेसारखं प्लॅस्टिक होतं आणि आत लाल गाडी होती, चकचकीत, तयार, दुकानातली. "तीच आहे. तेच मॉडेल, तेच वर्ष. फार शोधली मी. म्हटलं, आज घर मोडतंय, तर कपाट तरी पुरं होऊ दे. धाकट्याची जागा अशी रिकामी घेऊन जायचं मला बरं वाटत नाही."

त्यानं ती बाबांपुढे धरली. बाबांनी हात मांडीखालून काढले नाहीत, नुसती मान पुढे केली.

"हा लाल नाही," ते म्हणाले.

"बाबा, लालच आहे."

"आपला विटेकडे झुकायचा. उन्हात धरला की कळायचं. हा ओठांना लावायचा लाल आहे."

एरवी यावर घर हसलं असतं. दादा खोकं हातात घेऊन अवघडून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, दोन टेम्पोंचा मालक, पण बाबांपुढे वस्तू धरली की अजूनही त्याची शाळेतली चित्रकलेची वही दाखवल्यासारखी गत व्हायची. धाकटीला त्याची दया आली. त्यानं ती गाडी मनापासून शोधली होती.

"रंगाचं सोडा," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "ही धडधाकट आहे. या कपाटात एक तरी गाडी खोटी आहे का? माझा पोचा तुम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं चवीनं बघितलात. आणि त्याची गाडी मात्र नवीकोरी?"

"मग काय करायचं? डावीकडून आत गेलेली ठेवायची?" दादा म्हणाला. "तू बघशील रोज? केर काढताना, जेवताना?"

"बघेन. माझा भाऊ कसा गेला ते बघायची मला लाज नाही वाटत. ज्यांना वाटते त्यांनी बघू नये."

"कोणाला म्हणतेस?"

"कोणाला काय? गाडी कोण चालवत होतं ते सगळ्यांना माहीत आहे."

झालं. बोलून झालं. चार वर्षं जे वाक्य या घरात नुसतं फिरत होतं, ते भर सकाळी सगळ्यांच्या मध्ये येऊन बसलं. ताई स्वतःच दचकली. जावयांनी हळूच "अगं" म्हटलं. धाकटीच्या हातात आईची स्कूटर होती, ती तिनं आधी नीट खोक्यात ठेवली, कारण वस्तू हातातून पडू द्यायची तिच्या हातांना सवयच नव्हती.

तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

नाही म्हणा, ती मनात म्हणाली. काहीही म्हणा. 'गप्प बस गं' एवढं तरी म्हणा.

बाबा बोलले नाहीत.

"ती पाटली टाकून द्या," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "बाकीच्या थोड्या सरकवून घ्या. जागा दिसणारसुद्धा नाही."

आणि गंमत बघा, सकाळपासून एकमेकांच्या उरावर बसलेली भावंडं एका क्षणात एका बाजूला झाली.

"सरकवून घ्या?" दादा दुखावून म्हणाला. "धाकटे, त्याची जागा आहे ती."

"हिला काय!" ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यामुळे ती आणखीच चिडली होती. "ही बॅग भरून मोकळी झाली. जागा तरी कशाला ठेवायची मग?"

धाकटी उठली. बसला वेळ होता, पण स्टँडवर बसून राहता आलं असतं. ती बॅगेपर्यंत पोचली तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उभे राहिले होते.

"धाकटे, तुझी हत्यारं बॅगेत आहेत का?"

तिला काही समजेना. "आहेत."

"घेऊन ये. भिंगाचा चष्मा पण. आतल्या खोलीत ये."

"बाबा, आता कशाला..." ताईनं सुरुवात केली.

"तुला नाही बोलावलं," बाबा म्हणाले आणि आत गेले.

आतली खोली बाबांची कामाची. थिनरचा वास तिथं भिंतीत मुरला होता. टेबल अजून आवरलं नव्हतं. बाबा त्याला कोणाला हात लावू देत नाहीत म्हणून सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. रंग फवारायचा बारीक पंप, त्याची नळी, रंगाच्या बाटल्या, पाण्याच्या पॉलिशपेपरचे तुकडे, आणि चमचा. मूठ काळी पडलेला, पोचे काढायचा तो चमचा. चार वर्षं संध्याकाळी या खोलीतून पंपाची घरघर यायची. धाकटी पलीकडे स्वयंपाकघरात ती ऐकायची. सुरुवातीला तिला वाटलं, बाबा काहीतरी नवीन करतायत, बरं झालं. पण कपाटात काहीच नवीन आलं नाही. मग तिनं विचारायचं टाळलं. या घरात न विचारण्याची कला ती चांगलीच शिकली होती.

बाबांनी खणातून बुटाचं खोकं काढलं. झाकण त्यांना निघेना, बोटं झाकणावर तडतडत राहिली. तिनं काढून दिलं. आत पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला गाडीचा नुसता वरचा सांगाडा होता. चाकं नाहीत, काचा नाहीत, आत बैठकी नाहीत. फक्त लाल कवच. विटेकडे झुकणारा लाल. तो रंग तिनं लगेच ओळखला. हा रंग तिनं आपल्या हातांनी पुसला होता, दर रविवारी, त्याच्या हातात पाण्याचा पाइप असायचा आणि तो तिला मुद्दाम भिजवायचा.

"घे हातात," बाबा म्हणाले. "तुला बारीक काम कळतं. काय चुकलंय सांग."

तिनं चष्मा लावला, कवच उजेडाकडे धरलं. रंग आरशासारखा होता. तिनं सवयीनं नख कडेवरून फिरवलं. दातावरसुद्धा ती आधी नखच फिरवायची. डोळ्यांना जे फसवता येतं ते नखाला येत नाही. नख पुढच्या चाकाच्या कमानीपासून मागच्या कमानीपर्यंत कुठंच अडकलं नाही. तिनं दुसरी बाजू पाहिली. तिथंही तेच.

"बाबा, दारांच्या खाचा कुठायत?"

"बुजल्या."

"बुजल्या म्हणजे?"

"रंगानं. हातावर हात देत गेलो."

तिला खरंच वाटेना. जाड रंग म्हणजे बाबांच्या लेखी पाप. रंगाचा एक हात जास्त दिला म्हणून त्यांनी कारखान्यात पोरांना आठ आठ दिवस नुसतं घासकाम करायला लावलं होतं. दादाला लहानपणी एका विमानावरून याच टेबलाशी रडवलं होतं. त्याच माणसानं एवढ्याशा कवचावर इतके हात दिले होते की दाराची रेघसुद्धा उरली नव्हती.

"तुम्ही?" ती म्हणाली.

बाबा स्टुलावर टेकले. हात परत मांडीखाली घातले. "तो गेला त्याच वर्षी करायला घेतली. रंग पहिल्याच झटक्यात जुळला. एवढा चांगला कधीच जुळला नव्हता. आता पुढचं काम म्हणजे डावी बाजू आत घ्यायची. जशी गेली तशीच, नाही का? नियम माझाच." ते चमच्याकडे बघत होते. "चमचा तापवला. हातात धरला. मग वाटलं, रंग अजून नीट बसला नाही, आणखी एक हात देऊ. वाळू दिला. परत चमचा तापवला. परत तेच. असं दर संध्याकाळी नाही, पण पुष्कळदा. एक दिवस बघतो तर दारंच नाहीत."

"मग थांबला का नाहीत?"

"बरं वाटलं," बाबा म्हणाले. "खोटं कशाला सांगू? दारंच नाहीत म्हटल्यावर आत कोणी बसणार नाही. तो बसणार नाही. गाडी निघणार नाही. म्हाताऱ्याचं वेड आहे, पण त्या वेडात मला झोप लागायची."

धाकटी कवच दोन्ही हातांत धरून उभी राहिली. बाहेर ताई दादाला दबक्या आवाजात काहीतरी सांगत होती आणि दादा "हो, हो" म्हणत होता.

"मला वाटायचं," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही माझ्यामुळं ती करत नाही."

"तुझ्यामुळं?"

"गाडी मी चालवत होते. ताई खोटं नाही बोलल्या. तुम्ही मला कधी विचारलंही नाहीत, कसं झालं. एकदासुद्धा नाही. मी रोज वाट बघायची, आज विचाराल म्हणून."

बाबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा इतका भांबावलेला तिनं सासूच्या शेवटच्या दिवसांतही पाहिला नव्हता.

"मला ऐकवलं नसतं गं," ते म्हणाले. "तो ओरडला असेल. मला हाक मारली असेल. तू ते सांगितलं असतंस आणि मग ते मला रोज ऐकू आलं असतं. म्हणून नाही विचारलं. तुला दोष देत होतो असं वाटलं तुला?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"अरे देवा," बाबा म्हणाले, आणि थरथरणारे हात काढून त्यांनी तोंड झाकलं.

ती त्यांच्यापुढं खाली बसली. सांगू की नको, असं तिला क्षणभर वाटलं, पण आता न सांगण्यात काहीच अर्थ नव्हता.

"तो झोपला होता, बाबा."

बाबांचे हात चेहऱ्यावरच राहिले.

"त्याच्या डोळ्यांवर झापड येत होती म्हणून तर आम्ही जागा बदलल्या. पूल आला की उठव म्हणाला, आणि सीट मागं करून लगेच झोपला. तोंड उघडं टाकून, तो झोपायचा तसा. ट्रक डावीकडून आला तेव्हा तो झोपेतच होता. ओरडला नाही. हाक मारली नाही. त्याला काही कळलंच नाही. जे कळलं ते मला कळलं."

बाबा रडले. आवाज न करता, खांदे हलवत, किती तरी वेळ. धाकटीही रडली. दोघांनी चार वर्षांत एकमेकांसमोर केलेली ही पहिली गोष्ट होती जी आधी ठरवलेली नव्हती. मग बाबांनी तेच पिवळं फडकं उचलून डोळे पुसले आणि तिच्या हातात दिलं. फडक्याला थिनरचा वास होता, तिचे डोळे आणखीच झोंबले.

"परवा तू बॅग भरत होतीस," बाबा जरा वेळानं म्हणाले, "मी दारातून बघत होतो. तेव्हा डोक्यात आलं. या गाडीतून एक माणूस बाहेर आलं होतं. उजव्या दारानं. ते दार लोकांनी उघडलं आणि तुला ओढून काढलं. आणि मी मात्र बसून तेही दार बुजवलं. त्याला आत बसू द्यायचं नाही म्हणून रंग देत गेलो, आणि तुला आत कोंडून ठेवलं." त्यांनी आपले हात तिच्यापुढं धरले. हात वाऱ्यावरच्या पानांसारखे हलत होते. "कोरून काढायला बसलो, तर ही तऱ्हा. सुई रेघेवर राहत नाही. म्हणून तुला बोलावलं. उजवं दार तेवढं काढ. मग जा."

तिनं हत्यारांची गुंडाळी उघडली. मेण कोरायची अणकुचीदार कोरणी निवडली, आणि बाबांच्या स्टुलावर बसली. बाबा मागं उभे राहिले.

"कुठून सुरू करू? रेघच नाही."

"कमानीच्या मागं बोट ठेव. अर्धं बोट मागं ये. हां, तिथं. दाबू नकोस. कोरणीचं वजन पुरे. परत परत त्याच वाटेनं जा."

पहिल्या ओढीला लाल भुकटी निघाली. दुसरीला लाल. तिसरीलाही लालच. बाजूला जमणारी ती भुकटी तिनं फुंकली नाही. या भुकटीत बाबांच्या किती संध्याकाळी होत्या कोण जाणे.

"उजेड कमी आहे," बाबा म्हणाले. "कोणीतरी दिवा आणा रे."

दिवा ताईनं आणला. ती बराच वेळ दाराशीच उभी असणार, कारण तिचं नाक लाल होतं आणि पदर ओला. तिनं दिव्याची वायर लावली आणि टेबलाशी वाकून दिवा समोरून धरला.

"समोरून नको. खाच दिसत नाही अशानं," बाबा खेकसले. "बाजूनं धर. इतकी वर्षं या घरात राहून एवढं कळत नाही?"

"धरते ना. ओरडता कशाला?" ताईनं दिवा बाजूला घेतला. तिरप्या उजेडात रेघ स्पष्ट दिसायला लागली. जरा वेळानं ती, कोरणीवरची नजर न काढता, म्हणाली, "झोपला होता हे आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"कोणी विचारलं नाही, ताई."

"हो," ताई म्हणाली. "नाही विचारलं." तिचा आवाज फुटला. पण दिवा हलू दिला नाही तिनं. धाकटीला तेवढं पुरे होतं.

लाल संपून प्रायमरचा राखाडी लागला, मग पांढरं प्लॅस्टिक. कोरणी त्याच वाटेनं फिरत राहिली, वरून खाली, बिजागरीची बाजू, उंबऱ्याची बाजू. मध्येच दादानं बाहेरून विचारलं, "कपाट टेम्पोत चढवू का?" आणि आतून तिघांनी एकदम "थांब!" म्हटलं. तो आत आला, त्याला काय चाललंय ते दिसलं, आणि दुकानातल्या गाडीचं खोकं त्यानं पाठीमागं लपवलं.

धाकटीनं आतून अंगठ्यानं हलका दाब दिला. दार सुटलं. आगपेटीएवढं लाल दार तिच्या तळहातावर आलं, आणि कवचाला उजवीकडं मोकळी जागा झाली.

जावईही दारात येऊन उभे होते, आणि या वेळी त्यांना कुठं गप्प बसायचं ते बरोबर कळलं होतं.

"आणि डावीकडची बाजू?" दादानं हळूच विचारलं. "चमचा तापवू का, बाबा?"

"नाही," बाबा म्हणाले. "ती तशीच राहू दे. नियम मोडला म्हण. ती माझ्यानं व्हायची नाही, आणि दुसऱ्या कोणी करायची नाही."

ताईनं दिवा खाली ठेवला आणि चमचा खणात टाकला.

कवच पाटलीवर ठेवायचं काम बाबांनी स्वतः केलं. हात इतके हलत होते की दादानं मनगटाखाली आपला हात धरला, आणि बाबांनी तो धरू दिला. चाकं नाहीत, काचा नाहीत, एक बाजू गुळगुळीत बुजलेली, दुसरी उघडी. इतकी अर्धवट गाडी त्या कपाटात कधीच आली नव्हती. ती टेबलावर उभी राहिली आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले.

बसची वेळ होत आली होती. धाकटीनं दार उचललं आणि चिमटीत धरून जागेवर बसवायला वाकली. "पांढऱ्या डिंकाचा एक थेंब लावते," ती म्हणाली. "थोडं उघडं दिसेल असं."

"नको लावूस," बाबा म्हणाले. "ते तू घेऊन जा."

"दार?"

"हो. माझा काय भरवसा? अजून एखादी संध्याकाळ आली तर परत रंग द्यायला बसेन. दार तुझ्याजवळ असलं म्हणजे ते मला बुजवता यायचं नाही."

ताईनं कापसाचा तुकडा फाडला. धाकटीच्या बॅगेत दात ठेवायची छोटी डबी होती, त्यात तिनं तो अंथरला, दार त्यावर ठेवलं, वर आणखी एक तुकडा लावला आणि झाकण घट्ट बसवलं. मग ताईनं ती डबी नणंदेच्या हातानं नाही, बहिणीच्या हातानं तिच्या मुठीत दिली, आणि दाराशी जाऊन तिची बॅग उचलली.